हललेला शॉट

कॉलेजात मी मुलांना मोबाइलवर व्हिडिओ करायला शिकवते. म्हणजे खरं तर ओरडते. आमच्या पोरांना झूमची भारी हौस, आणि वर सगळ्याला ढिंगच्याक गाणं लावायची. त्यातून सुटली, तर हात हलतो. हात हलला की माझं डोकं फिरतं. कोपर पोटाशी धर, हे मी इतक्यांदा सांगते की पोरं माझी नक्कल करतात.

कोडोलीची एक मुलगी मात्र जीव तोडून शिकत होती. तिला पुण्यात नोकरी लागली होती आणि जाण्याआधी आईचा व्हिडिओ करायचा होता. आई बोलताना, सोबत न्यायला. पहिला केला त्यात आई भिंतीपुढे ताठ उभी राहून शाळेत पाठ म्हणावा तशी बोलत होती. आई घरी अशी बोलतच नाही, असं सांगताना मुलगी रडवेली झाली. मी म्हटलं, मग ती कामात असताना कर, प्रश्न विचारू नकोस. चल, मीही येते.

संध्याकाळी धारेच्या वेळी गोठ्यात पोचलो, तर आई चांगली काठापदराची साडी नेसून तयार. म्याडम येणार, शूटिंग होणार! साडीला डांबरगोळ्यांचा वास. म्हशीने एकदा हुंगलं आणि बाजूला सरकली. पेंड ठेवली, थोपटलं, पण तिने पान्हा चोरला तो चोरलाच. डेअरीची वेळ होत आली. मला हसू येत होतं, मुलीला नाही.

शेवटी आई तरातरा घरात गेली आणि रोजची विटकी साडी नेसून आली. व्हिडिओ गेला खड्ड्यात, असा तिचा चेहरा होता. आमच्याकडे पाठ करून तिने कासेवर पाणी मारलं, म्हशीच्या कुशीला डोकं टेकवलं आणि हळूच बोलू लागली. खांबाला टेकून मुलीने मोबाइल सुरू केलेलाच होता.

"बये, तू तरी रुसू नगंस. पोरगी चाललीया पुण्याला. जाऊ नगंस म्हणायला तोंड उघडत न्हाय माझं. शिक म्हणून मीच तिच्या मागं लागलतो की."

मग चरवीत धार वाजू लागली.

मुलीचा हात थरथरत होता. सवयीने मी तिचं कोपर धरायला पुढे झाले आणि तशीच थांबले. माझेही डोळे भरून आले होते.

पुढच्या आठवड्यात तिने तो व्हिडिओ मला दाखवला. गाणं नाही, झूम नाही, आणि अर्धा शॉट नुसता हलतोय.  आईने बघितला का, एवढंच मी विचारलं.

"बघितला की. म्हणाली, हे एवढं हलतंय का गं?"

"मग?"

"म्हटलं, रडत हुतो की मी."