सात ओळींची चौकट

बोथ गावात मंडळ कचेरीसमोर, म्हणजे तहसिलीसमोर, भगवंतरावांचं अर्जनवीसाचं दुकान होतं, आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार. वीस वर्षं हा माणूस लोकांचे अर्ज लिहीत आला होता. आधी टाकानं, मग टाइपरायटरवर आणि शहाण्णव साली निजामाबादहून आणलेल्या जुन्या संगणकावर. बयनाबाईंनी ती वीस वर्षं मागच्या दारातून चहा पाठवला. पुढच्या खुर्चीवर आपणही एकदा बसावं, असं त्यांना फार वाटायचं. बोलून मात्र त्यांनी ते कुणालाच दाखवलं नव्हतं. बायकोनं मनातलं सांगावं आणि नवऱ्यानं ते ऐकावं, असा रिवाज त्या घरात तरी नव्हता.

संगणक आला तेव्हा त्याच्या काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करावे लागत. एकेक हुकूम आठ अक्षरी, तोही इंग्रजीत. भगवंतरावांनी ते पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला टांगले होते. पण त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. पुठ्ठा दिसला तर पडदा दिसेना, पडदा दिसला तर पुठ्ठा. शेवटी मशीन विकणाऱ्यानंच एका फ्लॉपीतून छोटासा प्रोग्राम आणून दिला. एक अक्षर टाइप करून एंटर मारलं, की पडद्याच्या मधोमध एक चौकट उगवायची. तिच्यात अर्जांची नावं एकाखाली एक. बाणाच्या बटणानं उजळ पट्टा खाली न्यायचा, हवं ते नाव आलं की एंटर. चौकट गडप आणि छपाई यंत्र करकरायला लागलं. यादी एका फाइलीत लिहिलेली, तिच्यात वाटेल तेव्हा ओळ वाढवावी, वाटेल तेव्हा काढावी.

"हे त मलेई जमन," चौकट पहिल्यांदा पाहून बयनाबाई म्हणाल्या.

"इंग्रजी कुठी येते तुले?"

"फळीवरच्या डब्याईले नावं असतात का? तरी मी अंधारात हळद काढतो ना."

भगवंतराव हसले, पण त्यांना गरज होती. जून महिना तोंडावर आला होता. नागपूरला डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळालेली आणि इकडे शाळा-हॉस्टेलच्या दाखल्यांची झुंबड. दुकान बंद ठेवलं तर वीस वर्षांची गिऱ्हाइकं दुसरी वाट धरणार. मग त्यांनी बायकोला शिकवायला घेतलं. पहिली ओळ जातीचा दाखला, दुसरी रहिवासी, तिसरी उत्पन्न, चौथी विधवा पेन्शन, पाचवी विजेचं मीटर, सहावी पहाणीची, म्हणजे जमिनीच्या उताऱ्याची, नक्कल. पट्टा आपोआप पहिल्या ओळीवर असायचा. रहिवासीला एकदा बाण, उत्पन्नाला दोनदा, मीटरला चारदा. अर्ज इंग्रजीत छापून यायचा, नाव-गावाच्या जागा कोऱ्या. त्या जागा कचेरीतला कारकून खिडकीवर भरून घ्यायचा. चौथी शिकलेल्या बयनाबाई दोन दिवसांत तयार झाल्या.

"पण एक चुकी झाली ना, त कुलूप लाव," भगवंतरावांनी बजावलं. "माह्या हातून वीस वर्षांत कागद वापस नाई आला."

हे काही खरं नव्हतं. कागद परत यायचे, पण तेव्हा चूक कारकुनाची असायची, नाहीतर गिऱ्हाइकाची.

सोमवारी सकाळी भगवंतराव आंघोळ करून मशीनपाशी गेले, तिथं काहीतरी खुडबुड केली, हात जोडले आणि पिशवी उचलून नागपूरची बस धरायला निघाले. बयनाबाई देवापुढं दिवा लावून खुर्चीत बसल्या. खुर्ची जरा उंच होती, पाय टेकत नव्हते. तरी त्या खूश होत्या, अगदी मनापासून खूश.

पहिलं गिऱ्हाईक सोजरबाई. मोलमजुरी करून लेकीला शिकवणारी, पलीकडच्या खेड्यातली बाई. लेकीला हॉस्टेलात घालायचं तर उत्पन्नाचा दाखला हवा होता, आणि अर्ज घ्यायची शेवटची तारीख होती आजचीच.

"आज गेलं त वर्ष गेलं, बाई. पोरगी वावरात जाईन मंग," सोजरबाई म्हणाली.

"काऊन जाईन? हा घे."

दोनदा बाण, एंटर. कागद निघाला. त्यानंतर दोघांना रहिवासी, मग रामाजी म्हातारे आले, त्यांना मीटरचा अर्ज. सगळं कसं सुतासारखं सरळ चाललेलं. बयनाबाईंनी स्वतःसाठी चहासुद्धा टपरीवरून पुढच्या खुर्चीवरच मागवला.

चहा अर्धा झाला नाही, तोच रामाजी काठी आपटत परत आले.

"बयनाबाई, मी जिता हाव का मेलो?"

"काय झालं, बावा?"

"कारकून म्हणते, हा इधवा पेन्शनचा अर्ज हाय. म्हणते, पंचफुलाले पेन्शन पाह्यजे असन त पयले तुमाले मरा लागते. पुरी रांग हासून राह्यली ना!"

पंचफुला ही रामाजींची बायको, धडधाकट, आत्ता बाजारात वांगी विकत बसलेली. दुसरी वेळ असती तर बयनाबाईही पोट धरून हसल्या असत्या. आत्ता त्यांनी चहा बाजूला सारला. चारदा बाण दाबला होता, त्यांना पक्कं आठवत होतं. मग मीटरच्या जागी पेन्शन आलं कसं?

त्यांनी पुन्हा चौकट उघडली आणि बोट लावून ओळी मोजल्या. सात! काल सहा होत्या. सगळ्यात वर एक आखूडशी नवी ओळ, जेमतेम चार इंग्रजी अक्षरांची. म्हणजे फळीच्या तोंडाशी कुणीतरी नवा डबा ठेवला होता आणि बाकी सगळे एकेक जागा सरकले होते. मग सोजरबाईला काय गेलं? उत्पन्नाच्या जागी रहिवासी! त्यांच्या डोळ्यांपुढं वावरात वाकलेली पोर उभी राहिली.

कुलूप लावायचं का? किल्ली कमरेला होती. कुलूप लावलं असतं तर चूक मशीनची ठरली असती आणि बयनाबाई मागच्या दारी परत गेल्या असत्या, सुखानं. पण त्यांनी भगवंतरावांच्या जुन्या नकलांची फाइल काढली, वर मराठीत नाव लिहिलेला उत्पन्नाचा नमुना शोधला, तीनदा बाण दाबून नवा कागद काढला आणि दोन्ही एकावर एक धरून उजेडात पाहिले. ओळीवर ओळ, अक्षरावर अक्षर बसलं. मग रहिवासीऐवजी जातीचे गेले होते त्या दोघांसाठी रहिवासीचे दोन आणि मीटरचा एक, असे तिन्ही तशाच पडताळून काढले आणि पदर खोचून त्या रस्ता ओलांडत्या झाल्या.

कचेरीची रांग चांगली लांब होती. सोजरबाई खिडकीपासून तिसरी. बयनाबाई सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या.

"माह्या दुकानातून आज सकाळी ज्याईनं कागद नेले, त्याईनं मले वापस द्या. माही चुकी झाली. हे घ्या बरोबरचे."

रांगेतल्या माना वळल्या. अर्जनवीसाच्या दुकानातून असं वाक्य बोथमध्ये कुणी ऐकलंच नव्हतं. सोजरबाईनं कागद बदलून घेतला.

"बाई, मले त वाचता नाई येत. तू नसती आली त मले समजलंच नसतं."

"मलेई हे इंग्रजी येत नाई, बाई," बयनाबाई म्हणाल्या. दोघी एकदम हसल्या, आणि बयनाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. अर्ज त्याच दिवशी, मुदतीत खिडकीत गेला.

त्या दिवसापासून प्रत्येक कागद त्या नमुन्यावर धरून पाहत आणि मगच देत. त्याला वेळ लागे, पण कुणी कुरकुर केली नाही. उलट गिऱ्हाईकच म्हणे, "धरून पाह्य ना, बाई."

नवव्या दिवशी भगवंतराव डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून आले. हकीकत ऐकून आधी चिडले आणि मग त्यांनी मान खाली घातली.

"ते पयल्या ओळीत मीच लिवलं व्हतं," ते म्हणाले. "श्री. शुभ काम, तुह्या हातानं पयल्यांदा. कोन्ताबी कागद श्रीशिवाय सुरू होते का?"

बयनाबाईंना राग आला, आणि त्याच दमात नवऱ्याबद्दल भरूनही आलं. वीस वर्षांत या माणसानं त्यांच्यासाठी पहिल्यांदा काही लिहिलं होतं.

"देवाले दारात उभं केलं त मानसं आत कसे येतीन?" एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भगवंतराव पट्टीसकट आपल्या खुर्चीत जाऊन बसले. बयनाबाईंनी चहाचं आधण ठेवलं. तेवढ्यात एक शेतकरी आला, पहाणीची नक्कल हवी म्हणाला. भगवंतरावांनी बोटं मोडली, चौकट उघडली, अर्ज काढून पुढं केला. त्या माणसानं कागद घेतला, उलटापालटा केला आणि तिथंच उभा राहिला.

"काय पाह्यजे आता?"

"राग नोका मानू, दादा," तो अवघडून म्हणाला. "बाईले एकडाव पाहू द्या ना."

भगवंतरावांनी कागद परत घेतला. मग उठले, खुर्ची पुसली आणि मागच्या दाराकडं तोंड करून हाक मारली, "अवं, ये. चहा मी पाह्यतो."