गाडी डावीकडे ओढतेय

दादरच्या थिएटरात दुपारचा प्रयोग चालू होता. मी विंगेत नायिकेची हिरवी साडी हातात धरून उभी होते. दुसऱ्या अंकात रंगमंचावर अंधार होतो, तेवढ्या वेळात तिची साडी बदलायची असते. म्हणून निऱ्या शिवून, हुक लावून ती आधीच तयार ठेवावी लागते. नाटकाचा कपडेपट मी सांभाळते आणि त्यातलं हे सगळ्यात धांदलीचं काम. कमरेला खोचलेला फोन थरथरला. तुषार, माझा मुलगा. प्रयोग चालू असताना तो कधीच फोन करत नाही. मी कानाला लावला तर एवढंच म्हणाला, "आई, मामा गेला गं." तेवढ्यात अंधार झाला, नायिका धावत आली आणि माझ्या हातांनी तिला साडी नेसवली. हुक अडकवले, पदर काढला, पिन लावली. तिला काही कळलं नाही. ती परत उजेडात गेली. खरं सांगते, त्या क्षणी मला रडू आलं नाही. वाटली ती भीती. दादा गेला, म्हणजे आता ट्रक तुषार चालवणार... आणि ट्रक डावीकडे ओढत होता.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, विनायक. नाटकाच्या सेटचा ट्रक त्याने जन्मभर चालवला. बंगल्याच्या भिंती, जिने, दारं, खिडक्या, सोफे असं अख्खं घर पाठीवर घेऊन तो महाराष्ट्रभर हिंडला. नटांची बस पुढे जायची आणि दादाचा ट्रक मागून. बसमध्ये मला उलट्या होतात, म्हणून कपड्यांच्या ट्रंका घेऊन मी ट्रकच्या केबिनमध्ये बसायची. लोक मला विचारतात, तुमचा भाऊ कसा होता? गेलेल्या माणसावरच्या लेखात असं लिहू नये म्हणतात, पण लिहिते. माझा भाऊ भित्रा होता. लालबागच्या नाक्यावर रस्ता ओलांडताना एवढा मोठा ट्रक-ड्रायव्हर माझा हात धरायचा. जत्रेतल्या पाळण्यात तो कधी बसला नाही. सेट लावणारी पोरं त्याला तोंडावर भागूबाई म्हणायची आणि तो बडीशेप चघळत हसायचा. ट्रकला लिंबू-मिरची बांधायला मात्र त्याची ना असायची. म्हणायचा, "लिंबू बांधल्यानं बोल्ट आवळत नाय."

त्याची भीती जायची ती एकाच मार्गाने, ट्रकखाली शिरून. दौऱ्याला निघण्याआधी घोडपदेवच्या गोदामासमोर तो एक जुना कापडी तुकडा अंथरायचा. कुठल्याशा बंद पडलेल्या नाटकाच्या रंगवलेल्या पडद्याचा तो तुकडा होता, त्यावर अर्धा चंद्र आणि राजवाड्याची गच्ची. वर्षानुवर्षं पाठ टेकून टेकून गच्चीवर ग्रीसचा काळा डाग पडला होता, दादाच्या पाठीच्या आकाराचा. त्या चंद्रावर डोकं ठेवून तो पुढच्या चाकांच्या मध्ये सरपटत जायचा आणि मला वर स्टिअरिंगवर बसवायचा. मी ते थोडंसं डावीकडे, थोडंसं उजवीकडे हलवायचं. तो खाली दोन्ही चाकांना बांधणाऱ्या लांब टायरॉडच्या सांध्यांवर हात ठेवून पडलेला असायचा. बोलायचा नाही. मग खालून त्याचा हात बाहेर यायचा. अंगठा आणि बोट चिमटीसारखी मिटलेली असली की सगळं घट्ट. चिमटीत फट दिसली, तर तेवढी ढिलाई. मी वाकून त्या हाताकडे बघत बसायची, डॉक्टरच्या तोंडाकडे बघतात तशी.

हे काम माझ्याकडे कसं आलं, ते सांगायला हवं. तुषार तेव्हा शाळेत होता. कोल्हापूरचा प्रयोग आटोपून दुसऱ्या दिवशी आम्ही फोंडा घाटाने कणकवलीला उतरणार होतो. ट्रक डावीकडे ओढतोय असं दादा दौरा सुरू झाल्यापासून सांगत होता. आमचे मॅनेजर शेट्येकाका म्हणायचे, अहो, ते लोडमुळे. आणि ते सगळ्यांना पटायचं, कारण आमच्या सेटमधली सगळ्यात जड वस्तू म्हणजे लाकडी लेव्हल, ज्यांवर घराचा उंचवटा उभा राहतो. थिएटरवर पोचलं की त्या आधी उतरवायला लागतात, म्हणून आमची पोरं त्या नेहमी डाव्या बाजूला रचायची. डावीकडे वजन, मग गाडी डावीकडे झुकणारच! नाटकवाल्यांना याहून सरळ हिशेब कुठला सुचणार?

घाटाच्या तोंडाशी दादाने ट्रक बाजूला घेतला आणि इंजिन बंद केलं. बसही थांबली. शेट्येकाका उतरून आले. "आता काय झालं, विनायक?"

"माका भिती वाटता," दादा म्हणाला. "तुमका हसाचा तर हसा. पण बघल्याशिवाय गाडी काढूचंय नाय."

सगळे हसलेच. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं बसच्या खिडकीतून कुणीतरी ओरडलं. दादा खाली शिरला. उशीर होतोय म्हणून शेट्येकाका स्वतःच केबिनमध्ये चढले आणि त्यांनी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत गरागरा फिरवलं. खालून दादा ओरडत होता, हळू, थोडंच, थोडंच हलवा... ते त्यांना वर ऐकू गेलं नाही. असं पूर्ण फिरवलं की सांध्यावर सतत ताण राहतो आणि सगळंच घट्ट वाटतं. ढिलाई असते ती अगदी मधल्या, सुईच्या टाक्याएवढ्या हालचालीत. दादाला काही सापडलं नाही. तो मान खाली घालून वर आला, आणि आम्ही घाट उतरलो. त्या उतारावर त्याच्या कपाळावरून घाम गळत होता आणि तो पुसायला त्याने स्टिअरिंगवरचा हात काढला नाही. मी माझ्या पदराने पुसत होते. डाव्या हाताला दरी होती आणि गाडी डावीकडे ओढत होती. कणकवलीला पोचेपर्यंत एवढा उशीर झाला की पहिला अंक जिन्याशिवाय झाला. त्या दिवशी दादाला जे ऐकून घ्यावं लागलं, ते इथे लिहीत नाही.

मुंबईला परतल्यावर सेट उतरवून ठेवला. नंतर रिकामा ट्रक घेऊन लालबागच्या पुलाखालून वळताना खाडकन आवाज झाला. ट्रक हळूहळू जाऊन दुभाजकाला टेकला. आम्ही उतरून पाहिलं. एक चाक भायखळ्याकडे तोंड करून आणि दुसरं परळकडे. टायरॉडच्या टोकाचा सांधा निसटून खाली लोंबत होता. भोवती लोक जमले, कुणी हॉर्न वाजवला, कुणी शिव्या घातल्या. दादा फुटपाथवर बसून राहिला. माझ्या डोळ्यांसमोर फक्त घाट. मागे लेव्हलवर झोपलेली पोरं, केबिनमध्ये मी... काळजाचं पाणी होणं म्हणजे काय, ते मला त्या भर दुपारी कळलं. हीच गोष्ट त्या वळणांवर झाली असती तर?  "बाय," दादा म्हणाला, "आजपासून स्टिअरिंग तू धरूचा. तुझो हात शिवणाचो. तुका थोडा म्हणजे किती, ता कळता."

तेव्हापासून मीच. टायर, ब्रेक, सांधे यांचा त्याचा एक क्रम होता, तो मला आपोआप पाठ झाला. आधी पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी लावून बघायचे. ओढ बाजू बदलते का? बदलली तर दोष टायरचा. मग थोडं चालवून दोन्ही चाकांच्या ब्रेक-ड्रमजवळ हात न्यायचा. एकच पोळत असेल तर तिथे ब्रेक धरून बसलाय. मग सांधे. शेवटी चाक जॅकवर उचलून हलवायचं, आणि मी ब्रेक दाबून धरायचा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर चाकाचं बेअरिंग सैल. तरी हललं तर किंगपिन, म्हणजे ज्या जाड खुंटाभोवती पुढचं चाक वळतं, तो झिजलाय. जॅकवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. अॅक्सलखाली लाकडी ओंडके लावल्याशिवाय तो शिरायचा नाही. "ब्रेक सोडू नको गो बाय," असं तो दर वेळी सांगायचा. मी कधी सोडला नाही, पण त्याने सांगायचंही कधी सोडलं नाही.

तुषार या सगळ्याला हसायचा. मामाच्याच हाताखाली चालवायला शिकला, चांगला चालवतो, पण त्याला भीती म्हणून नाही. एकदा जेवताना मामाला म्हणाला, "एवढं घाबरतोस, तर हा धंदा केलास कशाला?" दादाने माशाचा काटा काढत शांतपणे सांगितलं, "जो भियता, तो वाकान बघता." वाकून बघणारा माणूस घरात होता, म्हणून आम्ही बाकीचे निर्धास्त होतो. आमच्या सगळ्यांच्या वाटचं तो एकटा घाबरायचा. हे मला तो गेल्यावर कळलं, कारण ती सगळी भीती सरळ माझ्याकडे चालत आली.

छातीत कळ येऊन तो गेला, त्याच्या दोन-चार दिवस आधी आमच्याकडे पेज प्यायला आला होता. चेहरा उतरलेला. मी विचारलं तर म्हणाला, काही नाही, गाडी परत डावीकडे ओढतेय, या दौऱ्याआधी खाली शिरायला हवं. तुझ्या छातीत दुखतंय का, हे मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. ट्रकचं दुखणं सांगितलं आणि पेज पिऊन गेला.

पुढचे आठवडे मी कसे काढले, ते मलाच ठाऊक. कार्य आटोपलं, आणि दौरा तोंडावर आला. तोच मार्ग. कोल्हापूर, मग घाट उतरून कणकवली. मी तुषारच्या मागे लागून ट्रक एका गॅरेजमध्ये पाठवला. त्यांनी चाकं एका रेषेत आणणारं अलाइनमेंट करून दिलं. "झालं ना आता तुझं समाधान?" तुषार म्हणाला. पण मुंबईतल्याच एका प्रयोगासाठी सेट घेऊन गोदामाकडून येताना मी केबिनमध्ये बसले होते आणि सरळ रस्त्यावर त्याचा उजवा हात सारखा जरासा खाली ओढलेला दिसत होता. मी म्हटलं, ओढतेय. तो म्हणाला, "आई, लोड आहे गं डावीकडे." घाटाआधी शेट्येकाका म्हणाले होते, तेच वाक्य.

निघायच्या सकाळी सेट भरून झाला होता. बस उभी होती. मी ट्रकसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, सगळं उतरवा. शेट्येकाका आता थकलेत, पण आवाज तसाच आहे. ते म्हणाले, "बाई, विनायक गेला, आता त्याचं भूत तुमच्या अंगात शिरलंय का?" मी म्हटलं, "शिरलंय असं समजा. उतरवा." मला रडू येत होतं आणि रागही येत होता.  तुषारने ट्रकचं मागचं फाळकं खाली पाडलं.

रिकामा ट्रक शिवडीकडच्या सपाट रस्त्यावर नेला. डावीकडेच. टायर अदलाबदल करून पुन्हा नेला. डावीकडेच. ड्रमजवळ मी हात नेला, दोन्हीकडे सारखाच गरम. गोदामासमोर परत आलो. तुषारने सीटमागून तो पडदा काढला, आणि अंथरताना क्षणभर थांबला. ग्रीसच्या त्या डागावर पाठ ठेवायला त्याचं मन धजेना. मग पडलाच. मी स्टिअरिंग हलवलं, टाक्याएवढंच. सांधे ठीक निघाले. मग ओंडके लावून डावं चाक उचललं, सेटवाली दोघं ते वरून-खालून धरून हलवू लागली, आणि मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबून धरला.

खालून काहीच आवाज नाही. माझ्या पायांना गोळे येत होते. तुषार, तुषार, म्हणून मी हाका मारल्या. माझा एकुलता एक मुलगा त्या लोखंडाखाली आणि मला तो दिसत नव्हता... आणि मग हात बाहेर आला. काळा, दादासारखाच लांब बोटांचा. चिमटीत फट होती. एवढी फट मी दादाच्या हातातही कधी पाहिली नव्हती. तो बाहेर आला तेव्हा चेहऱ्याचा रंग उडाला होता. "किंगपिन आहे," म्हणाला. "अलाइनमेंट टिकणारच नव्हतं यावर." मग हळूच, फक्त मला ऐकू येईल असं, "आई, भीती वाटली गं." मी त्याला जवळ घेतलं, ग्रीससकट.

कोल्हापूरचा प्रयोग पुढे ढकलावा लागला. शेट्येकाका अजून माझ्याशी तुटकच बोलतात. किंगपिन, त्याभोवतीचे बुश, सगळं नवीन बसवलं आणि गाडी सरळ चालू लागली. स्टिअरिंगवरचा हात सैल सोडला तरी सरळ. मी केबिनमध्येच होते. कोल्हापूर झालं, आणि दुसऱ्या दिवशी घाटाच्या तोंडाशी तुषारने ट्रक बाजूला घेतला. इंजिन बंद केलं. मी विचारलं, "काही वाटलं का रे?"

"नाही," तो म्हणाला. "असंच."

पुढे जाऊन थांबलेल्या बसने हॉर्न दिला. त्याने पडदा काढून दगडावर झटकला, चंद्र वर येईल असा अंथरला आणि खाली शिरला. मी त्याच्या जागेवर सरकले. स्टिअरिंग थोडंसं डावीकडे, थोडंसं उजवीकडे. पुढे दरीतून धुकं वर येत होतं. खालून हात बाहेर आला, चिमटी घट्ट मिटलेली. दादा असता तर एवढ्यावर मी खाली उतरले असते. पण दादा नव्हता. मी वाकून विचारलं, "नक्की ना रे, बाळा?"

हात क्षणभर तसाच राहिला. मग सांधे पुन्हा चाचपायला परत आत गेला.