रद्दीच्या गठ्ठ्यातली नऊ पुस्तकं

अमेरिकेत वापरून फेकलेला कागद जहाजात भरून आपल्याकडे येतो आणि आपल्या बायका तो उघड्या हातांनी निवडतात.

हे वाक्य माझंच. तेविसाव्या वर्षी काढलेल्या पत्रकातलं पहिलं. पहिलं वाक्य असं हवं की चालता माणूस थांबला पाहिजे, असं मला कामगार संघटनेत शिकवलं होतं. कुणी थांबत नसे. पण त्या वाक्यामागची दुपार आठवली की अजून माझा आवाज आपोआप खाली येतो.

गिरणी निडी गावापासून चालत जाण्याइतकी जवळ होती. रद्दीचा लगदा करून त्याचा कागद करणारी. तीनला शिफ्ट सुटली की बायका गेटबाहेर येत. केसांवर, भुवयांवर कागदाची पांढरी धूळ. त्या उन्हात त्या धुकं पांघरून चालल्यासारख्या वाटत, आणि पाऊल वाजत नसे. मी समोरच्या चिंचेखाली पत्रकं घेऊन उभा. मागणी एकच होती, हातमोजे. गठ्ठ्यांतल्या टाचण्या, पिना, तारा बोटांत घुसायच्या, आणि कंत्राटदार म्हणायचा, मोजे घातले की काम हळू होतं. हरामखोरी म्हणतात ती हीच.

त्यातली एक मावशी निडीचीच. पन्नाशीची. घरचं भात, भातानंतर त्याच शेतात वाल. वाचता येत नव्हतं. गिरणीतलं तिचं काम म्हणजे जाड पुस्तकांचे पुठ्ठे फाडणं. कापडाचा पुठ्ठा आणि डिंक लगद्यात गेला की कागदाला डाग पडतात, म्हणून पुस्तक आधी सोलायचं आणि मग आत टाकायचं. एका दुपारी तिनं माझं पत्रक घेतलं आणि पदराखालून काहीतरी काढून माझ्या हातात ठेवलं.

"रोज तुझाच कागद मी घ्यायचा का? आज माझा घे."

पुस्तक होतं. निळं कापड, वर सोनेरी गलबत. आत कुठल्यातरी अमेरिकन गावातल्या वाचनालयाचा शिक्का, आणि त्यावर 'काढून टाकले' असा दुसरा. पहिल्या पानावर दीडशे वर्षांपूर्वीचं साल. लेखक तिकडचा मोठा, जुना. कॉलेजात त्याचं नाव ऐकलं होतं. मी साल पुन्हा वाचलं.

"मावशी, हे बाहेर आणलंत कसं?"

"पोटावर बांधून. वॉचमन म्हणला, मावशी, पोट दिसतंय. म्हणलं व्हय, सातवा लागलाय. लाजला मेला."

त्या दुपारनंतर महिन्याला एखादं येऊ लागलं. हिरवं, मातकट, एक लाल. सगळी त्याच लेखकाची, सगळ्यांवर जुनी सालं. पेणच्या माझ्या खोलीत ती खिडकीत उभी केली की संध्याकाळी मिठागरांवरून येणारा उजेड त्यांच्या सोनेरी अक्षरांवर थांबायचा. मी आडवा पडून नुसता बघत राहायचो. शिक्क्यांमधली गावं मनात फिरायची. बर्फ, लाकडी घरं, कुणीतरी पुस्तक परत करायला निघालेलं. पुस्तक उघडावं असं वाटायचं, पण माझं इंग्रजी डिक्शनरीला टेकून चालणारं, आणि बघण्यातच इतकं सुख होतं की वाचायची घाई नव्हती; पुढेही दोनच वाचून झाली. अमेरिकेतल्या मूर्खांनी आपल्या थोर लेखकाच्या पहिल्या आवृत्त्या रद्दीत घातल्या, यावर एक पत्रक मनात तयार होतं.

माझी पत्रकं पेणमध्ये ज्या छापखान्यात निघत तिथल्या काकांना मी पाच पुस्तकं दाखवली. त्यांनी सालाकडे बघितलंच नाही. पान उलटं केलं आणि पाठीवरून बोट फिरवलं.

"तूही फिरव. काय लागतं?"

"काही नाही."

"लागायला हवं. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापलं असतं तर दाब उमटला असता पाठीला. हे जुन्या पुस्तकाचे फोटो काढून छापलंय. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचं असेल. पहिल्या आवृत्तीची हुबेहूब प्रत. चार वर्षं माझ्या मशीनशी उभा राहतोस आणि एवढं कळलं नाय?"

"म्हणजे फसवणूक!"

"कुणाची? शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलंय, वाच की." त्यांच्या भावाचा गणपतीचा कारखाना होता. काकांनी अंगठ्यानं तिकडे दाखवलं. "तिथं एका साच्यातनं पाचशे निघतात. पाचशेव्याला कुणी खोटा म्हणतं का रे? घरी नेऊन तू त्याचं काय करतोस त्यावर असतं सगळं."

मी चिडून निघालो. रात्रीपर्यंत राग टिकला नाही. कारण त्या शेवटच्या पानावर अजून एक गोष्ट होती, मालिकेतल्या चोवीस पुस्तकांची यादी, प्रत्येकाच्या पुठ्ठ्याच्या चिमुकल्या चित्रासकट. तोवर मला मिळेल ते पुस्तक हवं होतं. आता कुठली नाहीत ते कळलं. न मिळालेली पुस्तकं स्वप्नात यायला लागली. एकावर घुबड होतं, एकावर दीपगृह, एकावर नुसता दरवाजा.

इथं मी चूक केली, आणि ती माझी एकट्याची. ती चित्रं कागदावर मोठी करून काढली आणि मावशीला दिली. "अशी दिसली तर बघा."

आधी ती हाताला लागेल ते आणायची. आता शोधायला लागली. दुसऱ्यांचे गठ्ठे उपसायची, हातातलं काम थांबवून पुठ्ठे उलटेपालटे करायची. सुपरवायझरच्या डोळ्यावर येणारच. हातमोजे मागणारा मी, तिचे उघडे हात अजून खोल घालायला लावत होतो, आणि हे मला दिसत नव्हतं. दहाव्या पुस्तकाला तिला गेटवर पकडलं. घुबडाचं होतं.

तिनं काही लपवलं नाही. आधी नऊ नेली म्हणाली. सुपरवायझर म्हणाला, नऊच्या नऊ उद्या परत आण, नाहीतर परवापासून गेटच्या आत पाय ठेवू नको.

संध्याकाळी मी तिच्या अंगणात होतो. संतापलेला. पत्रकाचा मथळाही सुचला होता, रद्दीतली चोरी कुणाची?

"छाप," ती म्हणाली. "माझी दोन पोरं, सुना, जावई, सगळ्यांना कळू दे आई चोरीत घावली ते. पत्रकवाल्या, तुला एक सांगू? पुस्तकं आण नि गप बस."

दुसऱ्या दिवशी पेणहून रोह्याच्या एसटीत बसलो. पोत्यात आठ पुस्तकं होती. नववं, पहिलं निळं, गलबतवालं, उशीखाली ठेवून आलो होतो. सुपरवायझर मोजतोय कशाला, असं स्वतःला सांगत होतो. वडखळपर्यंत सांगितलं. तिनं 'नऊ' म्हटलं होतं. आठ गेली तर ती एकदा चोर आणि एकदा खोटारडी ठरणार होती. वडखळच्या नाक्यावर पोतं घेऊन उतरलो, परत गेलो, निळं आणलं.

पुढची गाडी मिळाली. खिडकीशी बसून ते पुस्तक पहिल्यांदा खरोखर वाचायला घेतलं. डिक्शनरी नव्हती. अडलेले शब्द सोडत गेलो. बाहेर कापलेली भातशेतं, त्यांत वालाचा हिरवा रंग वर आलेला, मध्येच खाडीचं पाणी, आणि पुस्तकातही एक नदी. कोणती कुठली ते नागोठण्यापर्यंत मला सांगता आलं नसतं. निडी आलं तेव्हा मी अर्ध्यावर होतो.

गिरणीत सुपरवायझरनं पुस्तकं मोजली. नऊ. मग मावशीला माझ्यासमोरच फाडायला बसवलं. ती रोजच्यासारखी गुडघ्याशी पुस्तक धरून पुठ्ठा मागे मोडायची आणि एका ओढीत सोलायची. हात कुठंच थांबला नाही. लाल, हिरवं, मातकट. निळ्याच्या वेळी मान खाली ठेवूनच तिनं विचारलं, "किती वाचलीस?"

"अडीच."

"नऊमधली?" आता तिनं वर बघितलं. "अरे मेल्या! मग मला नऊ वेळा पोटुशी कशाला केलीस?"

शेजारच्या बायका इतक्या हसल्या की सुपरवायझरही वळून भिंतीकडे बघायला लागला. निळं फाटलं.

"ते अर्धं रविवारी येऊन सांग," ती म्हणाली.

गेलो. ती अंगणात वाल सोलत होती. बोटांवर जुने-नवे चिरे, त्यांत वालाचा चिकट हिरवा रस. मी सांगितलं. एक नावाडी असतो. नदीवर पूल होतो आणि त्याचं काम जातं. तो शपथ घेतो, पुलावर पाय ठेवणार नाही. नाव बांधून ठेवतो, वर्षं जातात, नाव कुजते. मग पलीकडच्या गावात त्याच्या मुलीचं लग्न ठरतं. वऱ्हाड पुलावरून जातं. तो अलीकडे एकटा उभा.

"मग?"

"मग निडी आलं."

ती थोडा वेळ शेंगा सोलत राहिली. ऊन अंगणातून सरकून तिच्या पावलांशी आलं होतं. मला वाटलं, विसरली.

"जाईल तो," ती म्हणाली. "पोरीचं लगीन हाय. पण चपला हातात घेऊन जाईल. खाली त्याचं पाणी हाय ना."