न हललेला फोटो

मी खामगावच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना माहितीपट बनवणाऱ्या एक बाई आम्हाला शिकवायला आल्या होत्या. बीटी कापसावर त्यांची फिल्म चालू होती. जाताना म्हणाल्या, "कापूस वेचणाऱ्या हातांचा तीन मिनिटांचा व्हिडिओ आणा. ज्याचा आवडेल त्याला सोबत नेईन." आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मला ते काम फार हवं होतं, पण तसं बोलायचीही लाज वाटायची.

कॉलेजचा कॅमेरा एका रविवारपुरता मिळाला. मी उंद्रीला घरी आले. आई वावरात आली ती ठेवणीतलं लुगडं नेसून. ओळीत ताठ उभी राहिली, श्वाससुद्धा रोखलेला.

"आई, वेच ना."

"आधी फोटू काढ, मंग वेचतो."

"व्हिडिओ हाय हा. हललं तरी चालते."

"तुले काय मालूम? हललं का तोंड जाते."

तेव्हा मला घरातला तिचा एकुलता एक फोटो आठवला. लग्नातला. बाबा स्पष्ट दिसतात. आईनं ऐन वेळी मान वळवलेली, म्हणून तिच्या चेहऱ्याच्या जागी पांढुरका डाग.

मी फोटो काढला. तिनं बघितला. "डोये मिटले वं. अजून एक." मग अजून एक. शेजारच्या ओळीतून काकू ओरडली, "काऊन वं, पाहुणे येऊन राह्यले काय तुले पाहाले?" आई खळखळून हसली आणि तोच फोटो तिला पसंत पडला.

मग पदर खोचून ती वेचायला लागली. एक बोंड उकललं, तर आत गुलाबी अळी. "हे नोको काढू. लोकाईले काय दाखवतं?" मला नेमकं तेच हवं होतं. बटण दाबलं, तर बॅटरी संपलेली.

बाईंनी दुसऱ्या मुलीला नेलं. हे कळलं त्या दिवशी घरी परतताना एसटीत मी थोडी रडले.

आता मी शेवटच्या वर्षाला आहे. माझ्या दोन छोट्या फिल्म झाल्यात, म्हणजे तसं म्हणायला अजून जीभ अडखळते. पण कोणाकडेही गेले की आधी त्यांचा एक फोटो काढते, पुढच्या खेपेला त्याची प्रिंट नेऊन देते आणि मगच शूटिंग करते.

आईचा फोटो लग्नाच्या फोटोशेजारी लावलाय. यंदा वेचणीला तिनं स्वतःहून हाक मारली. तळहातावर किडकं बोंड होतं, आत गुलाबी अळी.

"घे, हिचा काढ आता. माहा झाला."