गप्प बसण्याची वर्गणी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी दोन खुर्च्यांचे केशकर्तनालय आहे. त्याच्या मालकांना सगळे ‘बातमीपत्र’ म्हणतात आणि त्यांनाही त्यात मानच वाटतो. मानेभोवती कापड आवळले की त्यांची गोष्ट सुरू होते आणि ती संपते तेव्हा केस कापून झालेले असतात. हा मेळ इतका पक्का, की गिऱ्हाइकाला केस जरा लांब ठेवायचे असले तर ते गोष्टच आखूड करतात.

त्यांची पुतणी कॉलेजात शिकते. परदेशातल्या एका खेड्यात मुले ओढ्याचे गढूळ पाणी पितात. तिथे विहीर खणून देण्यासाठी तिच्या वर्गाने पैसे जमवायला घेतले होते. कुणी जुनी पुस्तके विकली, कुणी गाड्या धुतल्या. पुतणीने काकांच्या दुकानात डबा ठेवला आणि वर पाटी लावली : रविवारी काका बोलणार नाहीत, ही शांतता ज्यांना आवडेल त्यांनी विहिरीसाठी पैसे टाकावेत.

डबा रिकामाच राहील या खात्रीने काकांनी होकार दिला. केस कुठेही कापून मिळतात, लोक येतात ते आपल्या गोष्टींसाठी, असे ते काकूंना नेहमी ऐकवत. काकू त्यावर काही म्हणत नसत. घरात तेवढी फट सापडत नसे.

रविवारी रस्त्यापर्यंत रांग लागली. निम्म्यांचे केस वाढलेलेही नव्हते. डब्यात नाणे पडले की काकांचा चेहरा आणखी उतरे. त्यात भलतीच अडचण झाली. गोष्टच नाही, त्यामुळे कुठे थांबायचे ते हाताला कळेना. पहिले गिऱ्हाईक उठले ते त्याच्या बायकोलाही ओळखू येईना. दुपारपर्यंत गल्लीतली पुरुषमंडळी नुकत्याच छाटलेल्या कुंपणासारखी दिसू लागली. पुतणीची विहिरीची काळजी मिटली आणि काकांची लागली.

संध्याकाळी निवृत्त ग्रंथपाल आले. जन्मभर लोकांना ‘शांतता राखा’ असे बजावत आलेला हा गृहस्थ. डोक्यावर मोजकेच केस, तेही जपलेले. त्यांनी पाटी वाचली, आरशातून काकांकडे पाहिले आणि कात्री कानाशी येताच हात वर केला.

“गप्प बसायचे पैसे घेतेस, तसे बोलायचे घेशील का?” त्यांनी पुतणीला विचारले.

“घेईन की, आजोबा. विहिरीला काय, दोन्ही चालतात.”

त्यांनी डब्यात नोट घातली आणि ते काकांना म्हणाले, “मग मागच्या रविवारची राहिलेली गोष्ट पुरी करा. तुमच्या मौनाला पुरतील एवढे केस माझ्याकडे नाहीत.”

काकांनी घसा खाकरला. छाटलेली डोकी एकेक करून परत दाराशी जमली. गोष्ट दिवे लागेपर्यंत चालली. कात्री मात्र त्यांनी पहिल्याच वाक्याला खाली ठेवली होती.