ठ कमी पडला

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव मुंबईत मंजूर झाला आणि आमच्या भागात बौद्धांच्या वस्त्या पेटू लागल्या. मी तेव्हा जिंतूरला एका लहानशा छापखान्यात खिळे जुळवत होते. शिशाचं एकेक अक्षर खणातून उचलायचं आणि ओळीत बसवायचं, हे माझं काम. मालक म्हातारे मुसलमान, सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. मी झरीची, बौद्धाची. त्या दिवसांत कामावर जाताना पाठीमागं सायकलची घंटी वाजली तरी मी रस्त्याच्या कडेला सरायचे.

एका सकाळी ओळखीचे गुरुजी आले. त्यांनी सदऱ्याच्या आतून विधिमंडळाच्या ठरावाची प्रत काढली. मुंबईहून कुणीतरी पाठवलेली, कार्बनची, अर्धी अक्षरं पुसटलेली.

“चाचा, हे कुणी वाचलंच न्हाई. जो तो आपल्या मनचं सांगायलाय अन् लोक पेटायलेत. हे छापून द्या, गावोगाव वाटतो.”

चाचांनी प्रत उजेडाला धरून वाचली. मग म्हणाले, “अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शनच्या टायमाला मी बी दार लावून बसलो होतो, गुरुजी. तवाबी लोक ऐकीव गोष्टींवरच उठले होते. छापतो. पण खाली छापखान्याचं नाव टाकणार न्हाई.”

मी जुळवायला घेतलं आणि अर्ध्यातच अडले. ठराव, मराठवाडा, विद्यापीठ, जिकडंतिकडं ठ. आमच्या खणात ठचे खिळे मूठभरच, लग्नपत्रिकांना पुरतील एवढे. परभणीहून नवे आणावेत तर कशाला हवेत म्हणून कुणी विचारलं असतं. शेवटी चाचांनी तोड काढली. अर्धा मजकूर पायानं चालवायच्या मशीनवर छापायचा, खिळे सोडवून धुवायचे, मग त्याच खिळ्यांनी उरलेला अर्धा जुळवायचा. एका दिवसाचं काम दुसऱ्या दिवसावर गेलं. अर्धवट छापलेले कागद आम्ही शाळेच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली दडवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन माणसं आत आली. पुढचा बड्या शेतकऱ्याचा मुलगा, त्याच्या लग्नाची पत्रिका मीच जुळवली होती. जुळवलेला मजकूर टेबलावर उघडाच होता.

“काय छापायलाय, चाचा?”

चाचा फडक्याला हात पुसू लागले. तो वाकला. खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात, सवय नसलेल्याला वाचता येत नाहीत. पण त्याचे ओठ हलत होते. उलटा असूनही ओळखू येणाऱ्या एका खिळ्यावर बोट ठेवून तो म्हणाला, “ह्यो तर ठ दिसायलाय.”

मी हातातला खिळा ओळीत बसवला. मग मीच बोलले, “ठिकाण हाय, दादा. नागपंचमीच्या कुस्त्यांची जाहिरात.”

“कुठं हायत कुस्त्या?”

“झरीला.” दुसरं गाव मला सुचलंच नाही.

“झरीला? मला कसं ठावं न्हाई?”

तेवढ्यात चाचा मधे पडले. “छापल्याबिगर कसं ठावं हुईल, मालक?”

तो हसला नाही. माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं, शिशानं काळं झालेलं बोट दाराच्या चौकटीला पुसलं आणि निघून गेला. मी खाली बसले. हातातून सांडलेले खिळे एकेक करून उचलले.

तरी उरलेला मजकूर आम्ही त्याच दिवशी छापला. गुरुजींनी कागद पोत्यात भरून देवगाव फाट्याला नेले आणि तिथून एसटीनं गावं गाठली. एका गावात लोकांनी चावडीसमोर ठराव ऐकला आणि आपापल्या घरी गेले. दुसऱ्या गावात कागद हिसकून घेऊन तिथंच जाळले. ते विझवायला गेलेल्या गुरुजींचा हात पोळला.

त्याच आठवड्यात आई झरीहून गाठोडं घेऊन माझ्या खोलीवर आली. तिथल्या घराला काही झालं नव्हतं.

“तिथं डोळा लागत न्हाई, बाई,” ती म्हणाली.

“इथं तरी कुठं लागतो, आई?”

तिनं गाठोडं ठेवलं. बाहेर लख्ख ऊन होतं, तरी आम्ही दोघींनी दगडी पाटा ओढून आतून दाराला लावला.