दुसऱ्याची घंटी

सकाळी टेलिफोन एक्स्चेंजचं कुलूप काढत होतो, तेवढ्यात दगाजीनानांचे शेजारी सायकल टाकून धापा टाकत आले. "नाना गयात," एवढंच म्हणाले. आदल्या संध्याकाळी हेडफोन काढताना नाना "डोकं जड शे" म्हणाले होते… बस. त्यांना जाऊन महिना होत आला. शहाद्याचा बोर्ड कुणीतरी चालवायलाच हवा म्हणून त्यांच्या खुर्चीत मी बसतो, पण अजून राग येतो. माणसानं असं मुकाट उठून जायचं म्हणजे काय!

नाना सीनियर, मी त्यांच्या हाताखालचा. तापीकाठच्या सगळ्या गावांना आमची तार एकच. इथं हँडल फिरवलं की सगळ्या गावांत घंटी वाजायची; कुणाची एक लांब, कुणाची दोन आखूड, त्यावरून ज्यानं त्यानं ओळखायचं. पण लोक कसले ऐकतात! घंटी कुणाचीही असो, रिसिव्हर कानाला. कुणाच्या पोरीला पाहायला कोण आलं, कापूस काय भावानं गेला, सगळं काठभर. एवढ्या कानांनी आवाज बारीक व्हायचा, ट्रंक कॉल ऐकूच यायचा नाही. मग नाना स्वतः गावोगाव फिरले. "ज्यानी घंटी त्यानीच उचलानी," असं दटावून आले. सर्वांत जास्त दटावलं विमलला, त्यांच्या एकुलत्या लेकीला, कारण काठाच्या शेवटच्या गावाचा फोन तिच्याच सासरी होता. बाकीची गावं चारदोन दिवसांत विसरली. विमल नाही विसरली.

त्याच पावसाळ्यात तापीला वरून पाणी सुटल्याचा निरोप आला. पाणी आधी वरच्या गावांत शिरणार, म्हणून नानांनी वरून सुरुवात केली. एकेका गावाची घंटी द्यायची, निरोप सांगायचा, पुढे जायचं. पण घाबरलेला माणूस फोन सोडतो का? बैलं सोडू का, इंजिन काढू का, देवळापर्यंत येईल का… नाना ओरडत होते, "आरे ठेव ना भो!" शेवटच्या गावाची घंटी द्यायला हँडल धरलं, तर तार मेलेली. कुठंतरी खांब गेला होता. पूर येतोय याची खबर नसलेला विमलचा नवरा तेव्हा नदीकाठच्या केळीच्या मळ्यात पाण्याचं इंजिन सोडवत होता. तो परत आला नाही.

नाना भेटायला गेले, मी सोबत होतो. विमल भिंतीला टेकून बसली होती. वर न बघता म्हणाली, "घंटी वाजी ऱ्हायंती, नाना. मी फोनना जोडेच बशेल व्हतू. तुम्हीनच सांगेल व्हतं, दुसरानी उचलानी नही." नाना उठून बाहेर पडले. त्यानंतर ती माहेरी आली नाही.

तार जोडल्यावर रोज सकाळी लाइन तपासताना नाना पहिली घंटी तिच्या गावाला देऊ लागले. पलीकडे रिसिव्हर उचलला जायचा. नाना कानाला लावून बसायचे, डोळे मिटून. थोड्या वेळानं तिकडून ठेवल्याचा खट् आवाज. मी चिडायचो, "बोला की हो नाना, पोर आहे तुमची!" तर म्हणायचे, "कोनता तोंडे बोलू, भाऊ? ती उचलस नं… तितलंच खूप शे." असं कैक वर्षं चाललं.

अंत्ययात्रेआधी विमल घरी आली, कोपऱ्यात बसली, कुणाशी न बोलता गेली. दुसऱ्या सकाळपासून पहिली घंटी मीही तिच्याच गावाला देतो. हाताला दुसरं सुचत नाही. ती उचलते, ठेवते. परवा मात्र खट् आवाज आलाच नाही. विमल म्हणाली, "भाऊ, एक विचारू? नाना मन्हावर इतला रागे व्हतात का? मी रोज उचलू. म्हनू, आज तरी नाना बोलतीन… एक सबद बोलनात नहीत."

बोर्डावर शहाद्याचे दोन कॉल खोळंबले होते. खोळंबू दिले. म्हटलं, "विमल, फोन ठेवू नकोस. ऐक."